स्वच्छ चित्र आणि दुखरें मनगट

सन २०२३ च्या कार्तिक महिन्यांत माजलगांवाहून आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचें पत्र आलें. त्यांत विचारलेला प्रश्न साधा, परंतु इतका नाजूक होता कीं, त्याचें उत्तर ह्या सदरांतून तत्काळ न देतां आम्हीं तें खाजगी पत्रानें दिलें. आतां तें प्रकरण मार्गीं लागलें आहे. आणि पत्रलेखकांनीं आपलें नांव वगळून सर्व हकीकत छापण्यास आपण होऊन अनुमति दिली आहे. एकाच्या घरीं घडलें तें दहांच्या घरीं टळावें, एवढाच त्यांचा हेतु आहे आणि तोच आमचाहि आहे.

पत्र लिहिणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. घर एकत्र आहे: वयोवृद्ध मातोश्री, स्वतः उभयतां, दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडें. त्या वर्षीं श्रावण अधिक आला होता. अधिक मास हा पुरुषोत्तमाचा. आणि पुरुषोत्तमाचें प्रसिद्ध देवस्थान जी पुरुषोत्तमपुरी, ती माजलगांव तालुक्यांतच गोदावरीच्या तीरीं वसली आहे. अधिक महिन्यांत तेथें केवढी गर्दी लोटते हें मराठवाड्यांतील वाचकांस सांगावयास नको. हें कुटुंबहि दर्शनास गेलें. स्नानासाठीं उतरतांना धाकट्या सूनबाईंचा पाय ओल्या दगडावरून घसरला, आणि तोल सावरण्यासाठीं पुढें केलेल्या उजव्या तळव्यावर सगळ्या देहाचा भार आला. मनगट सुजलें. त्याच दिवशीं सायंकाळीं एका दवाखान्यांत क्ष-किरण चित्र काढून घेतलें. तें पाहून, हाड शाबूत आहे, नुसतें मुरगळलें आहे, असें सांगण्यांत आलें. मलम आणि पट्टी मिळाली. सर्वांस हायसें वाटलें.

पुढें काय झालें असेल तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस न सांगतांहि ओळखतां येईल. चार दिवसांनीं सूज ओसरली. मातोश्रींनीं मोठ्या मायेनें कोमट तेलानें मनगट चोळण्याची व्यवस्था केली. आठ दिवसांनीं सूनबाई पुन्हां कामास लागल्या. परंतु कणीक मळतांना, धुणें पिळतांना, भरलेली कढई उतरतांना हातांतलें बळ एकदम जाई, आणि अंगठ्याच्या मुळाशीं कळ येई. महिना गेला, दोन गेले, तीन होत आले. बाहेरून पाहावें तों हात जसाच्या तसा. आणि कपाटांत ठेवलेलें चित्र तर हाड धड असल्याची साक्ष देत होतें. मग घरांत कुजबूज सुरू झाली. मोबाइल हातांत धरतांना दुखत नाहीं, तें पोळ्या लाटतांनाच कसें दुखतें, असें एके दिवशीं कोणी तरी मोठ्यानें बोललें, आणि तें सूनबाईंच्या कानीं गेलें.

आमच्या पत्रलेखकांनीं ही सर्व हकीकत कांहीं एक न लपवितां लिहिली होती. त्यांचा प्रश्न असा होता: चित्र आपण स्वतः उजेडासमोर धरून पाहिलें आहे, तेव्हां खोटें कोण बोलतें असें समजावें, यंत्र कीं सूनबाई?

दोघांपैकीं कोणीहि खोटें बोलत नाहीं, हें आमचें उत्तर होतें. तें कसें, हें समजण्यासाठीं मनगटाची रचना थोडीशी पाहिली पाहिजे. आम्ही वैद्यक व्यवसायी नव्हे. पुढील माहिती आम्हीं अस्थिरोगांच्या जाणत्या डॉक्टरांकडून समजावून घेतली आहे.

मनगट म्हणजे एक सांधा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः कोपराकडून आलेलीं दोन लांब हाडें आणि तळहाताचीं हाडें ह्यांच्या मध्यें आठ लहान लहान हाडें दोन ओळींत बसविलेलीं आहेत. त्यांतील एखादें चंद्रकोरीसारखें, तर एखादें वाटाण्याएवढें. अंगठ्याच्या बाजूस जें हाड आहे, तें नावेच्या आकाराचें म्हणून त्यास नौकाकृति हाड म्हणतात; आम्हांस तर त्याचा वांक पाहतां काजूगराची उपमा अधिक शोभेलशी वाटते. दोन्ही ओळींस सांधणारें असें हेंच हाड आहे. म्हणून पसरलेल्या तळव्यावर मनुष्य पडला असतां दोहोंकडचा दाब नेमका ह्याच्या कमरेवर येतो. मनगटांतील ह्या आठ हाडांच्या ज्या मोडी होतात, त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश एकट्या ह्या हाडाच्या असतात. खेळतांना किंवा दुचाकीवरून पडून तरुण पुरुषांत ती अधिक होते. आणि म्हणूनच घरांतील स्त्रीचें मनगट दुखूं लागलें, तर हिची शंका सहसा मनांत येत नाहीं.

हें हाड कोठें आहे तें प्रत्येकास स्वतःच्या हातावर पाहतां येईल. अंगठा ताठ करून वर उचलावा. त्याच्या मुळाशीं, मनगटाच्या कडेला, दोन ताठ दोऱ्यांच्या मध्यें एक त्रिकोणी खळगा पडतो. युरोपांतील जुने लोक तपकीर ह्या खळग्यांत ठेवून ओढीत, म्हणून इंग्रजी वैद्यकांत त्यास तपकिरीच्या डबीचेंच नांव पडलें आहे; आपल्याकडील आजोबा मात्र चिमटीवरच भागवीत. नौकाकृति हाड ह्या खळग्याच्या तळाशीं असतें. तळव्यावर पडल्यानंतर बोटानें तेथें दाबलें असतां जर कळ उठत असेल, तर हाड मोडल्याची शंका घेतलीच पाहिजे, मग चित्र कांहींहि सांगो.

ही जागा नाजूक आहे हें आपल्या पूर्वजांच्याहि ध्यानीं आलें होतें. सुश्रुतानें मणिबंध, म्हणजे मनगट, हें मर्मस्थानांत गणलें असून त्यास रुजाकर, म्हणजे वेदना देणारें मर्म, म्हटलें आहे. आणि तेथें इजा झाल्यास हातास कुंठता येते असेंहि सांगितलें आहे. मोडलेल्या हाडास आधार देण्यासाठीं मोह, उंबर, पिंपळ, पळस इत्यादि वृक्षांच्या सालींच्या पट्ट्या बांधाव्या, असा त्याचा उपदेश आहे. देहाच्या आंत पाहण्याचें कोणतेंहि साधन नसतां, वेदनेवरून आणि हाताच्या चालीवरून एवढें ओळखलें गेलें होतें, हें विसरतां कामा नये.

आतां ह्या हाडाची मोड एवढी घातक कां, तें पाहूं. ह्याचा रक्तपुरवठा उलट्या वाटेनें होतो. मुख्य रक्तवाहिन्या बोटांकडील बाजूनें हाडांत शिरतात आणि तेथून रक्त मागें, कोपराकडील टोंकास पोंचतें. माजलगांवकरांस धरण आणि कालवा ह्यांच्या दृष्टांतानें हें चटकन् उमजेल. कालवा मध्येंच फुटला, तर धरणाजवळच्या शेतांचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु शेपटाकडच्या शेतांचें पीक वाळतें. तद्वत् हें हाड कमरेशीं मोडलें, तर मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा संभव असतो. तो तुकडा मग लवकर सांधत नाहीं, कित्येकदां मुळींच सांधत नाहीं, आणि कधीं कधीं निर्जीवहि होतो. तसेंच राहूं दिलें, तर कांहीं वर्षांनीं शेजारचीं हाडें झिजून सबंध मनगटास संधिवात जडतो. आरंभींच तें ओळखून प्लास्टरमध्यें स्थिर ठेवलें, तर बहुतेक वेळां आठ ते बारा आठवड्यांत तें सांधून येतें. म्हणजे सगळा प्रश्न वेळीं ओळखण्याचा आहे.

येथें वाचक विचारतील कीं, ओळखण्यासाठीं तर क्ष-किरण आहेत ना? आहेत, आणि त्यांचे उपकार अपार आहेत. जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें विल्हेल्म राँटगेन यांनीं ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं हे किरण प्रथम ओळखले, आणि २२ डिसेंबर रोजीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. त्या सुप्रसिद्ध चित्रांत बोटांचीं हाडें आणि बोटांतील अंगठी दिसते. त्यापूर्वीं डॉक्टर केवळ चाचपून अनुमान करीत. डब्लिनचे अब्राहम कॉलिस यांनीं मनगटाजवळच्या मोठ्या हाडाच्या मोडीचें वर्णन १८१४ सालीं केलें, तें अशाच चाचपणीच्या बळावर. कारण त्या मोडीनें हाताचा आकारच बदलतो. परंतु नौकाकृति हाड मोडलें तरी हात वांकडा दिसत नाहीं. क्ष-किरण हातीं आल्यावरच ह्या मोडीचा नीट अभ्यास होऊं शकला, आणि फ्रान्समधील लियाँ शहरीं एत्येन देस्तो यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं तो केला.

तथापि क्ष-किरणांचें चित्र म्हणजे अखेर सावलीच होय. समईच्या उजेडासमोर आठ वाट्या एकमेकींस चिकटून ठेवल्या, तर भिंतीवर त्यांची मिळून एकच सावली पडते. मधल्या वाटीस तडा गेला आहे कीं नाहीं, हें त्या सावलीवरून कोण सांगणार? मनगटांत नेमकें हेंच होतें. आठहि हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. त्यांतून मोडीची फट केंसाइतकी असली आणि तुकडे जागचे हलले नसले, तर किरण त्या फटीच्या दिशेनें गेले तरच ती उमटते, एरवीं नाहीं. म्हणूनच जाणते डॉक्टर एका चित्रावर न थांबतां निरनिराळ्या बाजूंनीं तीन-चार चित्रें घेतात. त्यांपैकीं एकांत हात करंगळीकडे वळवून ठेवतात, म्हणजे हें हाड लांबट होऊन पुरतें नजरेस येतें.

एवढी काळजी घेतली तरीहि पहिल्या दिवसाच्या चित्रांतून ही मोड सुटून जाते, आणि असें होण्याचें प्रमाण पांचांत एकापर्यंत असूं शकतें. ह्यांत यंत्राचा दोष नाहीं. पुष्कळदां पाहणाराचाहि नाहीं. पुढें दहा ते चौदा दिवसांत मोडलेल्या कडांवरचें थोडेंसें हाड शरीर शोषून घेतें, फट रुंदावते, आणि पहिल्या दिवशीं जें दिसलें नव्हतें तें दिसूं लागतें. साक्षीदार जेव्हां मला कांहीं दिसलें नाहीं असें म्हणतो, तेव्हां तेथें कांहीं घडलेंच नाहीं असा निकाल कोणी शहाणा न्यायाधीश देत नाहीं. आमच्या पत्रलेखकांच्या कपाटांतील चित्रानें एवढेंच सांगितलें होतें कीं, त्या सायंकाळीं त्या बाजूनें मोड दिसली नाहीं. मोड नाहीं, हें वाक्य घरांतील माणसांनीं आपल्या पदरचें जोडलें.

शंका असतां काय करावें, ह्याविषयीं डॉक्टरांत फारसा मतभेद नाहीं. खळग्यांत दुखत असेल, तर चित्र स्वच्छ असलें तरी हाड मोडलें आहे असेंच धरून अंगठ्यासह मनगट प्लास्टरमध्यें अथवा पट्टींत स्थिर ठेवावें, आणि दहा ते चौदा दिवसांनीं पुन्हां तपासून पुन्हां चित्र घ्यावें. दुसऱ्या चित्रांतहि कांहीं न दिसलें आणि दुखणेंहि गेलें, तर आनंदच. दहा दिवसांची गैरसोय, एवढेंच नुकसान. परंतु दुखणें राहिलें असेल, तर प्रकरण तेथेंच मिटवूं नये.

अशा वेळीं, अथवा दहा दिवस थांबणें शक्यच नसेल तर आरंभींच, आणखी दोन साधनें उपयोगीं पडतात. एक सी. टी. स्कॅन. इंग्लंडमध्यें गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं पहिल्या रुग्णाची तपासणी झाली, आणि १९७९ सालीं त्यांस त्याबद्दल ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. ह्यांतहि क्ष-किरणच असतात. परंतु काकडीच्या चकत्या कराव्या तसे देहाच्या भागाचे पातळ पातळ छेद गणिताच्या साहाय्यानें दाखविले जातात. त्यामुळें एका हाडाची सावली दुसऱ्यावर पडत नाहीं, आणि फट किती रुंद आहे, तुकडे किती सरकले आहेत, हाड सांधूं लागलें कीं नाहीं, हें उत्तम कळतें. दुसरें साधन एम. आर. आय. ह्यांत क्ष-किरण नसून प्रबळ चुंबक आणि रेडिओलहरी असतात. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांस ह्या कार्याबद्दल २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हाडास मार लागला म्हणजे त्याच्या आंतील मगजांत पाणी साचतें. तें पाणी ह्या तपासणींत एक-दोन दिवसांतच दिसून येतें. म्हणून लपलेली मोड शोधण्यास हें साधन सर्वांत विश्वसनीय मानलें जातें. मात्र ज्यांच्या देहांत पेसमेकर किंवा धातूची वस्तु बसविलेली असेल, त्यांनीं तें आधीं सांगितलें पाहिजे.

ह्यावरून प्रत्येक मुरगळलेल्या मनगटासाठीं मोठ्या शहरीं धांव घ्यावी, असें आम्ही सुचवीत नाहीं. खर्च परवडत नसेल, तर प्लास्टर आणि दहा दिवसांनीं दुसरें चित्र, हा मार्ग साधा, स्वस्त आणि तालुक्याच्या गांवींहि मिळण्याजोगा आहे. पुन्हां चित्र काढल्यास किरणांचा अपाय होईल, ही भीति कित्येक घरांत असते. मनगटाच्या एका चित्रांत देहास मिळणारे किरण हे सृष्टींतून आपणांवर सदैव पडणाऱ्या किरणांच्या कांहीं तासांच्या मात्रेइतकेच असतात. गर्भवती स्त्रीनें मात्र तशी सूचना डॉक्टरांस अवश्य द्यावी. ते त्याप्रमाणें काळजी घेतात.

आणखी दोन-तीन गोष्टी घरांतील वडील मंडळींस सांगावयाच्या आहेत, आणि त्या आम्ही आदरपूर्वकच सांगत आहों. पहिली बांगड्यांची. माजलगांवच्या सूनबाईंचें चित्र घेतांना पाटल्या आणि काचेच्या बांगड्या वर सारून ठेवल्या होत्या. अधिक महिन्यांत सवाष्णीचे हात मोकळे नकोत, असा मातोश्रींचा आग्रह होता. त्यांची भावना आम्ही समजूं शकतों. परंतु धातूची आणि काचेचीहि सावली चित्रांत उमटते, आणि नेमकें पाहावयाचें तें तिच्याखालीं झांकलें जाऊं शकतें. शिवाय हात सुजूं लागला म्हणजे बांगडी रुतते, आणि मग ती कापून काढावी लागते. पडल्याबरोबर बांगड्या आणि अंगठ्या उतरवून देवापाशीं ठेवाव्या. हात बरा झाल्यावर त्या पुन्हां चढवितां येतात.

दुसरी गोष्ट चोळण्याची. तेलानें चोळणें हा आपल्या घरांतील मायेचा उपचार आहे, आणि श्रमानें दुखणाऱ्या अंगास त्यानें बरेंहि वाटतें. परंतु मोडलेल्या हाडास हवी असते ती स्थिरता. चोळण्यानें आणि ओढण्यानें ती नाहींशी होते. मोड नाहीं अशी खात्री होईपर्यंत मनगट चोळूं नये, आणि हाड बसविणाराच्या हातींहि देऊं नये.

तिसरी गोष्ट वयाची. जन्मतः बालकाच्या मनगटांतील हीं आठहि हाडें कूर्चेचीं असतात आणि क्ष-किरणांत दिसतच नाहींत. वय वाढेल तसतशीं तीं एकामागून एक हाडाचीं होतात. शेवटचें दिसूं लागण्यास नऊ ते बारा वर्षें लागतात. म्हणून मुलांचें चित्र घरीं पाहून तर्क करूं नये. तें जाणत्यासच दाखवावें. उलट आजीबाई पडल्या, तर बहुधा मनगटाजवळचें मोठें हाड मोडतें आणि तें चित्रांत सहज दिसतें. परंतु उतारवयांत थोडक्या पडण्यानें हाड मोडलें, तर हाडें विरळ झालीं आहेत काय ह्याची तपासणीहि करून घ्यावी. पुढच्या वेळीं मांडीचें हाड मोडण्याची पाळी येऊं नये, हा त्यांतील हेतु.

माजलगांवचें पत्र वाचतांना आम्हांस त्याच मुलखांतील दुसऱ्याहि मनगटांची आठवण झाली. बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात, आणि पांच-सहा महिन्यांनीं परततात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते. मोळी घेऊन चढतांना अशा माणसाचा तोल गेला आणि तो तळव्यावर पडला, तर दहा दिवसांनीं पुन्हां या, हें त्यास सांगणें बहुधा व्यर्थ जातें; तोंवर तो दुसऱ्या फडावर गेलेला असतो. कोयता चालविणारें मनगट कायमचें अधू झालें, तर त्या जोडप्याची सगळी कमाई बुडते. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांकडे शेती आहे, कित्येकांच्या घरीं डॉक्टर आहेत. त्यांनीं अशा रुग्णास पहिल्या दिवशींच प्लास्टर मिळेल असें पाहावें, आणि पुढील तपासणीची तारीख व कारण मराठींत लिहिलेली चिठ्ठी पहिल्या चित्रासह त्याच्या हातीं द्यावी. ती चिठ्ठी दाखवून कारखान्याजवळच्या दवाखान्यांतहि त्यास दुसरें चित्र काढून घेतां येईल.

असो. मूळ प्रकरणाकडे वळूं. आम्हीं माजलगांवच्या त्या गृहस्थांस लिहिलें कीं, सूनबाईंच्या अंगठ्याच्या मुळाशीं खळग्यांत बोटानें दाबून पाहावें, आणि दुखत असेल तर वेळ न दवडतां त्यांस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयांत, अथवा सोयीच्या दुसऱ्या कोणत्याहि मोठ्या रुग्णालयांत अस्थितज्ज्ञांस दाखवावें. जातांना जुनें चित्र बरोबर न्यावें, पडल्याची तारीख सांगावी, आणि सूनबाईंस स्वतःच्या तोंडानें बोलूं द्यावें. त्यांच्या वतीनें इतरांनीं उत्तरें देऊं नयेत.

महिन्याभरानें दुसरें पत्र आलें. हात करंगळीकडे वळवून घेतलेल्या नव्या चित्रांत नौकाकृति हाडाच्या कमरेशीं मोड स्पष्ट दिसली होती. सी. टी. स्कॅनमध्यें असें आढळलें कीं, दोन्ही तुकड्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या असून मध्यें फट राहिली आहे; म्हणजे हाड आपण होऊन सांधण्याची आशा उरली नव्हती. मागचा तुकडा निर्जीव झालेला नव्हता, एवढें सुदैव. शस्त्रक्रिया करावी लागली. कमरेजवळच्या मोठ्या हाडाचा लहानसा तुकडा काढून फटींत भरला, आणि दोन्ही भाग बारीक स्क्रूनें आवळून टाकले. हा स्क्रू सबंध हाडाच्या आंत बुडून राहतो. ऑस्ट्रेलियांतील टिमथी हर्बर्ट यांनीं अशा तऱ्हेच्या स्क्रूची माहिती १९८४ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हांपासून ही रीत रूढ झाली आहे.

हाड सांधण्यास पुढें कित्येक महिने लागले. आतां सूनबाई पोळ्या लाटतात, धुणें पिळतात. परंतु मनगट पूर्वीइतकें मागें वळत नाहीं, आणि भरलेली घागर त्या डाव्या हातानें उचलतात. पहिल्या पंधरवड्यांत जें काम प्लास्टरनें होण्याचा पुष्कळ संभव होता, त्यासाठीं शस्त्रक्रिया झाली, खर्च झाला, आणि थोडें उणें राहिलें तें राहिलेंच.

ह्या पत्राच्या अखेरीस गृहस्थांनीं लिहिलें होतें कीं, सी. टी. स्कॅनचा निकाल कळला त्या रात्रीं मातोश्री जेवल्या नाहींत. आणि दुसऱ्या दिवशीं त्यांनीं सर्वांसमक्ष सुनेच्या पाठीवरून हात फिरविला. घरांतील ज्यांनीं मोबाइलचें बोलणें काढलें होतें, त्यांनींहि क्षमा मागितली. सूनबाई काय म्हणाल्या, तें पत्रांत नव्हतें.

आम्हांस ह्यांतून एवढेंच सुचवावयाचें आहे. घरांत कोणी तळव्यावर पडलें, तर बांगड्या-अंगठ्या उतरवाव्या, खळग्यांत दाबून पाहावें, दुखत असेल तर तें डॉक्टरांस आवर्जून सांगावें, आणि पहिलें चित्र स्वच्छ आलें तरी दहा ते चौदा दिवसांनीं पुन्हां तपासणी करून घ्यावी. तोंवर त्या हाताचें काम घरांतील इतरांनीं वांटून घ्यावें. एकत्र कुटुंबांत हात पुष्कळ असतात. एक हात पंधरा दिवस स्वस्थ राहिला, तर कोणतेंहि घर अडत नाहीं.